परत आलेले कंदील

ऑगस्टमध्ये अजमानच्या बीचवर हौसेनं कुणी जात नाही. गाडीचं दार उघडलं की चष्म्यावर वाफ धरते, कपडे पाठीला चिकटतात, आणि सूर्य बुडाला तरी वाळूतली ऊब काही जात नाही. तरी वर्षातून एकदा, याच दिवसांत, मी दुबईहून गाडी काढते, शारजाचा ट्रॅफिक मुकाट्यानं सोसते आणि इथे येऊन उभी राहते. यंदा झोयाला, माझ्या सात वर्षांच्या लेकीलाही बरोबर आणलं.

"मम्मा, इट्स लाइक सूप," गाडीतून उतरता उतरता ती म्हणाली.

"हो ना. आम्ही या सूपमध्येच वाढलो."

आमची बिल्डिंग होती तिथे आता एक उंच काचेचं हॉटेल आहे. तीन मजली, पिवळट रंगाची, प्रत्येक खिडकीखाली खोकणारा एसी असलेली आमची बिल्डिंग कधी पाडली ते मला कळलंही नाही. पण हॉटेलच्या मागच्या बाजूला कुठल्याशा एसीचं पाणी फूटपाथवर टपटपत होतं. तापलेल्या सिमेंटवर पाणी पडल्यावर जो वास येतो, थोडा मातीचा, थोडा गंजाचा, तो आला आणि मी तिथेच थांबले.

तो वास म्हणजे आमच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या. जूनच्या शेवटी बिल्डिंग रिकामी व्हायला लागायची. दोरीनं करकचून बांधलेले खोके जिन्यावरून उतरायचे, त्यांच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं: रत्नागिरी, मलप्पुरम, चितगाव. टॅक्सीत बसलेली मुलं हात हलवायची आणि मग जिना एकदम शांत व्हायचा. ज्यांना दरवर्षी गावाला जाणं जमत नसे अशी दोन-तीनच घरं मागे उरायची. त्यात आमचं एक. सुरुवातीला मला रडू यायचं. मग हळूहळू त्या रिकाम्या बिल्डिंगची मजा कळायला लागली. सगळा जिना माझा. सगळी गच्ची माझी. खालच्या बकाल्यातला, म्हणजे आमच्या किराणा दुकानातला, बर्फाच्या कांड्यांचा डबाही जवळजवळ माझाच. पार्किंगमधल्या खजुराच्या झाडावर घड पिकायचे, पिवळ्याचे तपकिरी व्हायचे, आणि दुपारी खाली पडलेल्या मऊ खजुरांचा गोड, किंचित आंबूस वास जिन्यापर्यंत यायचा.

मागे उरणाऱ्यांतलं दुसरं घर समोरचं, उम्म नबीलचं. ती इराकची, बसऱ्याची. तिकडे शाळेत शिकवायची. इथे घरात बसून शाळेचे युनिफॉर्म शिवायची. तिचा मुलगा नबील स्वीडनला होता आणि ती एकटीच राहायची. तिच्या दाराआडून मशीनची घरघर यायची आणि सुकवलेल्या लिंबांच्या चहाचा वास. काळी, टणक, सुपारीएवढी लिंबं. त्यांना ती 'नूमी बसरा' म्हणायची आणि ते नाव उच्चारताना तिचा आवाज जरा मऊ व्हायचा. एरवी तो आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. मला शाळेत थोडं अरबी शिकवत, तिला थोडं इंग्रजी येई, तेवढ्यावर आमचं झकास चालायचं.

मी नऊ वर्षांची असताना, त्या उन्हाळ्यात, तळमजल्यावर केंजी अंकलची आई आली. केंजी अंकल खाडीवरच्या जहाज-दुरुस्तीच्या यार्डात इंजिनिअर होते. त्यांच्या घरात बाळ झालं होतं, म्हणून आजी जपानहून मदतीला आली. मिचिको आजी. एवढीशी, वाऱ्यानं उडेल अशी, डोक्यावर कापडी टोपी, हातात पांढरे मोजे आणि फुलाफुलांची छत्री. जुलै-ऑगस्टच्या उन्हात रोज सकाळी फिरायला निघणारी अजमानमधली ती बहुधा एकटीच. अम्मीला तिची काळजी वाटायची. "अगो, बघ तरी जाऊन. चक्कर येऊन पडायची ती म्हातारी," असं म्हणून ती मला मागे पिटाळायची. म्हणून मी तिच्याबरोबर फिरायला लागले.

आजीचं इंग्रजी सावकाश होतं, पण स्वच्छ. तिच्या गावात ती परदेशी पाहुण्यांना एक बाग दाखवायची, फुकट, आवडीनं, वर्षानुवर्षं. गाव कुठलं म्हणून विचारलं तर म्हणाली, "हिरोशिमा." मला ते नाव आमच्या पुस्तकात चौकटीत छापलेलं माहीत होतं. एका चौकटीतलं माणूस छत्री घेऊन माझ्याशेजारी चालतंय, याचं मला फार अप्रूप वाटलं.

एकदा ती रस्त्याच्या मधोमध लावलेल्या झुडपांपाशी थांबली. कण्हेर. गुलाबी, पांढरी, धुळीनं माखलेली. आम्ही ती झुडपं रोज बघायचो आणि कधीच बघायचो नाही. आजीनं एका फुलाला मोजा काढून बोट लावलं.

"हे आमच्या शहराचं फूल," ती म्हणाली. "बॉम्ब पडला तेव्हा सगळे म्हणाले, इथे आता काही उगवणार नाही. मग हे फुललं. तेव्हा मी तुझ्याहून लहान होते."

"आमच्या गावात पण आहे," मी घाईनं सांगितलं. "देवळाजवळ. कण्हेर."

"का-न्हे-रु," तिनं म्हणून पाहिलं आणि आम्ही दोघी हसलो.

त्या फेऱ्यांत तिनं मला तिच्या थोरल्या बहिणीबद्दल सांगितलं. फुमी तिचं नाव. वेणीला निळी रिबीन बांधायची. त्या सकाळी कामावर गेली, ती आली नाही. आजीनं हे रडत सांगितलं नाही. आपल्या गल्लीतली गोष्ट सांगावी तसं सांगितलं, आणि मग लगेच फुमी किती भांडकुदळ होती तेही सांगितलं. दर वर्षी ऑगस्टच्या सहा तारखेला संध्याकाळी नदीवर कागदी कंदील सोडतात. आजी एकावर फुमीचं नाव लिहायची. नदी तो समुद्राकडे न्यायची. इतक्या वर्षांत आजीनं तो दिवस कधी चुकवला नव्हता. यंदा नातवासाठी चुकणार होता.

"मग इथे सोडू या की," मी म्हटलं. लहान मुलांना सगळंच सोपं वाटतं.

एका शुक्रवारी अम्मीनं आजीला जेवायला बोलावलं. रत्नागिरीहून कुणीतरी बर्फात घालून कालवं आणली होती, त्यांचा पुलाव आणि सोलकढी. आजीनं पहिला घास घेतला आणि डोळेच मिटले. हिरोशिमाची कालवं म्हणे सगळ्या जपानात नावाजलेली. अम्मीला त्या दिवशी झालेला आनंद मी नंतर तिच्या कुठल्याच पाहुण्यासाठी पाहिला नाही.

जेवताना आजीनं तिच्या शहराबद्दल सांगितलं. जगात कुठेही अणुबॉम्बची चाचणी झाली की हिरोशिमाचा महापौर त्या देशाला निषेधाचं पत्र लिहितो. प्रत्येक वेळी.

"मग ते उत्तर देतात?" मी विचारलं.

"बहुतेक नाही."

"मग?"

"मग तो पुढच्या वेळी पुन्हा लिहितो." आजीनं सोलकढीचा घोट घेतला. "महापौर बदलतात. पत्र बदलत नाही."

अब्बा हसले. मग आजी त्यांच्याकडे बघून, अगदी नम्रपणे, म्हणाली, "तुमच्या देशालाही लिहिलं होतं. आणि पाकिस्तानलाही."

अब्बांचा हात ताटातच थांबला. ते रोज पहाटे कंपनीच्या बसनं जबल अलीला जायचे, आणि त्या बसमधला तो किस्सा आमच्या घरात खूप वेळा रंगवून सांगितला गेला होता. भारतानं चाचणी केली तेव्हा अब्बांनी बसमध्ये पेढे वाटले होते. पंधरा-वीस दिवसांनी कराचीच्या नईमचाचांनी त्याच बसमध्ये जिलेबी वाटली. दोघं शेजारी शेजारी बसायचे. दोघांनी एकमेकांची मिठाई खाल्ली आणि सगळी बस हसली होती. त्या दिवशी मात्र अब्बांनी तो किस्सा सांगितला नाही.

आजीनं सह्यांचे कागद आणले होते. अण्वस्त्रं नकोत असं म्हणणाऱ्या जगभरच्या साध्या माणसांच्या सह्या. तिनं एक कागद अदबीनं, दोन्ही हातांनी, अब्बांपुढे धरला.

"नाही, आजी," अब्बा ओशाळून म्हणाले. "आम्ही इथे व्हिसावर आहोत. कुठल्या कागदावर सही करायची म्हटलं की भीती वाटते. माफ करा."

आजीनं तेवढ्याच अदबीनं कागद मागे घेतला आणि अजून थोडा पुलाव मागितला.

कंदील करायचे मात्र ठरले. केंजी अंकलनी यार्डातून लाकडाचे चपटे तुकडे आणले. बकाल्यातून पतंगी कागद आणि छोट्या मेणबत्त्या आल्या. चिकटवायला काय, असा प्रश्न आला तेव्हा अम्मी आणि आजी एकाच वेळी स्वयंपाकघराकडे वळल्या. भाताची खळ. अम्मीच्या गावात शेजारच्या दिवाळीसाठी आकाशकंदील करताना अशीच खळ करायचे. आजीच्या आईनंही अशीच केली होती. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहून पातेल्यात भात घोटत होत्या, एक मराठीत सूचना देत होती, दुसरी जपानीत, आणि खळ अगदी छान झाली. घरभर तो कोमट, पांढरा, शिजलेल्या भाताचा वास. माझी बोटं एकमेकांना चिकटली होती.

दार उघडंच होतं. उम्म नबील आत आली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मी उत्साहानं तिला सगळं सांगितलं. ती ऐकत गेली तसा तिचा चेहरा बदलत गेला.

"हिरोशिमाला स्मारकाची बाग आहे," ती म्हणाली. "शांतीची घंटा आहे. सगळं जग तिथे येऊन मान खाली घालतं. बसऱ्यात एकामागून एक किती युद्धं झाली? माझी गल्ली गेली. माझी शाळा गेली. आमच्यासाठी कोण कंदील सोडतं? सांग तिला. जसंच्या तसं सांग."

अम्मी म्हणाली, "राहू दे गो, नको सांगूस." पण उम्म नबील माझ्याकडे बघत होती, शिक्षिका बघते तशी. मी अडखळत, शब्द शोधत, सगळं इंग्रजीत सांगितलं.

आजीनं शांतपणे ऐकलं. मग पातेल्यातला चमचा बाजूला ठेवला.

"घंटा आधी नव्हती," ती म्हणाली. "आधी नुसती राख होती. आमच्यासाठीही कुणी येत नव्हतं. वाजवायला आम्हीच सुरुवात केली." आणि तिनं एक नवा कागद उम्म नबीलपुढे सरकवला, ब्रश दिला. "बसरा कसं लिहितात? मला येत नाही."

हे अरबीत सांगताना मी चुकले असणार, पण तिला कळलं. उम्म नबील खुर्चीवर बसली. तिनं ब्रश धरला आणि उजवीकडून डावीकडे, फळ्यावर लिहावं तशा वळणदार अक्षरांत, आपल्या शहराचं नाव लिहिलं. मग अंगातल्या काळ्या अबायाच्या बाहीनं डोळे पुसले आणि मलाच रागावली, की खळ वाळतेय, हात चालव.

सहा तारखेला सूर्य बुडाल्यावर, मगरीबच्या नमाजनंतर आम्ही निघालो. आजी, बाळाला घेऊन केंजी अंकल आणि त्यांची बायको, उम्म नबील, अम्मी, मी. अब्बा येणार नव्हते, पण शेवटी चपला घालून आले आणि सगळ्यांच्या दहा पावलं मागे चालत राहिले. आकाश जांभळं होतं. समुद्र कोमट, तेलासारखा जड. मेणबत्त्या पेटल्या, लाल, पिवळे, हिरवे कंदील वाळूवर रांगेत उभे राहिले आणि बीचवर सुंदर दिसणारी तेवढीच एक गोष्ट होती.

तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. दिव्यांचा झोत सरळ आमच्यावर. अब्बांनी पुढे येऊन माझा हात धरला, इतका घट्ट की दुखला. गाडीतून एक तरुण पोलीस उतरला.

"काय चाललंय? वाढदिवस आहे का?" त्यानं अरबीत विचारलं.

"नाही, बाळा," उम्म नबील पुढे झाली. "आठवण आहे. हिच्या शहराची. आणि माझ्या."

"कुठलं शहर?"

तिनं दोन्ही नावं सांगितली. तो आजीकडे बघत राहिला, मग कंदिलांकडे.

"किती वेळ?"

"मेणबत्त्या विझेपर्यंत."

तो वळून गाडीकडे गेला. अब्बा पुटपुटले, "खलास. आता वायरलेसवर बोलणार." आणि मग गाडीचे दिवे विझले. काळोख झाला, आणि कंदील एकदम झळझळीत दिसायला लागले. त्यानं त्यासाठीच दिवे बंद केले होते. "बीचवर कचरा ठेवू नका," तो अंधारातून ओरडला आणि बॉनेटला टेकून बघत उभा राहिला.

आम्ही गुडघाभर पाण्यात शिरलो आणि कंदील सोडले. फुमीचा आजीनं सगळ्यात शेवटी सोडला. ते हलत, डुलत थोडे आत गेले. केंजी अंकलनी मान लववली. आणि मग समुद्रावरून वारा आला, एक छोटी लाट उठली, आणि सगळे कंदील वळून परत आमच्याकडे यायला लागले.

आम्ही पुन्हा ढकलले. ते पुन्हा आले. मी आणखी आत जाऊन ढकलले, फ्रॉक भिजवून घेतला. पुन्हा आले. नदी नेते, समुद्र परत आणतो, हे आमच्यातल्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. फुमीचा कंदील तर थेट आजीच्या गुडघ्यांना येऊन टेकला, मेणबत्ती अजून जळत होती. मला वाटलं सगळं बिघडलं. आता आजी रडणार.

आजी हसायला लागली. तोंडावर हात धरून, खांदे गदगदा हलवत. "फुमी," ती म्हणत होती, "फुमी परत आली!" हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती कंदिलाशी जपानीत काहीतरी भांडत होती. मग उम्म नबील हसली, मग अम्मी, मग सगळेच. पोलीससुद्धा. तो बूट काढून पाण्यात उतरला आणि लांब वाहत गेलेला एक कंदील त्यानं आणून उम्म नबीलच्या हातात दिला. तो बसऱ्याचा होता. तिनं तो छातीशी धरला. मेण अबायावर सांडलं तरी तिला कळलं नाही.

घरी परतताना अब्बा आजीच्या बरोबरीनं चालत होते. जिन्यापाशी ते थांबले.

"आजी, तो कागद आहे अजून?"

त्यांनी पायरीवर बसून, गुडघ्यावर कागद ठेवून, मराठीत सही केली. आजीनं त्या अक्षरांवरच्या रेघेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे दोरीवर वाळत घातलंय का?" अब्बांनी आणखी एक कागद मागून घेतला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो घडी करून खिशात घातला, बसमध्ये शेजारी बसलेल्या नईमचाचांपुढे धरला. चाचांनी तो वाचला आणि म्हणाले, "उस्मानभाई, मिठाई तो दोनों ने खाई थी. लाओ, पेन दो." संध्याकाळी कागद परत आला तेव्हा त्याच्यावर अख्ख्या बसच्या सह्या होत्या. मल्याळी, बंगाली, उर्दू, नेपाळी. काही होऊ नये म्हणून अम्मी आठवडाभर दुआ करत राहिली. काही झालं नाही. बाळ मोठं होत गेलं, आजी कागद घेऊन परत गेली, शाळा सुरू झाल्या, जिना पुन्हा भरला.

मिचिको आजी आता नाही. अब्बा-अम्मी रत्नागिरीला आहेत. उम्म नबील मी कॉलेजात असताना बसऱ्याला परत गेली. सगळे नको म्हणत होते, तिनं ऐकलं नाही. तिथे तिनं पुन्हा शाळेत शिकवायला घेतलं.

हे सगळं झोयाला सांगत मी वाळूवर बसले होते. ती मन लावून ऐकत होती, मधूनच पायानं वाळू उकरत होती.

"सो डिड इट वर्क?" तिनं विचारलं. "आर द बॉम्ब्स गॉन?"

"नाही. अजून नाहीत गेले."

"देन?"

तेवढ्यात फोन वाजला. व्हिडिओ कॉल. पडद्यावर आधी एक मोठं नाक, मग फोन लांब धरल्यावर उम्म नबील. केस पांढरे, आवाज तोच, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

"हबीबती, ऐकू येतंय का? बघ, बघ!" तिनं फोन फिरवला. तिच्या मागे रुंद नदी, घाटावर शाळेची पोरं, गोंगाट, आणि पाण्यावर कंदील. अरबी, जपानी, कुर्दी, इंग्रजी नावं लिहिलेले. मिचिको आजीचंही होतं. यंदा हिरोशिमाच्या एका शाळेतल्या मुलांनी आपली नावं पाठवली होती, आणि बसऱ्याच्या मुलांनी ती अगदी जीव लावून, वेडीवाकडी का होईना, जपानीत काढली होती. उम्म नबील मध्येच कुणावर तरी ओरडली की पाण्याच्या एवढं जवळ जाऊ नकोस, आणि पुन्हा माझ्याकडे वळली. "इथे ते परत येत नाहीत. बघ कसे निघाले!"

झोयानं माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "व्हेअर आर दे गोइंग?"

उम्म नबीलला तेवढं इंग्रजी येत होतंच. "समुद्राकडे," ती म्हणाली. "ही नदी तुमच्याच समुद्राला मिळते, बेटी. तुमच्याकडेच येतायत."

कॉल संपला. मी उठून कपड्यांवरची वाळू झटकली. सकाळी ऑफिस होतं, शारजाचा ट्रॅफिक होता, झोयाची झोप होती. "यल्ला, चल," मी म्हटलं.

झोया उठली नाही. तिनं चपला काढून शेजारी नीट ठेवल्या, मांडी घातली आणि काळ्या पाण्याकडे बघत म्हणाली, "मम्मा, वी शुड वेट फॉर देम."

मी तिच्याशेजारी पुन्हा खाली बसले.